हालचाल रजिस्टर

५ मे

पोचले बाई एकदाची! टेंभुर्णीहून सकाळची एसटी, जालन्यात लेकीकडं, भार्गवीकडं, उभ्या उभ्या चहा, तिथून पॅसेंजरनं बदनापूर अन् स्टेशनावरून रिक्षा. रिक्षावाल्याचं नाव राधेश्याम. त्याचीच आई साळूबाई या घरी स्वयंपाकाला येते, म्हणून त्यानं रस्ताभर मला मॅडमचं पुराण ऐकवलं. म्हणे मॅडम बर्फात राहून आल्या, त्यांना ऊन सोसत न्हाई, अकरा वर्षांत फाटकाबाहेर पाय टाकला न्हाई. मी म्हटलं, बदनापुरात मे महिन्यात फाटकाबाहेर पडून करायचं तरी काय, भरताचं वांगं व्हायचं?

घर गावापासून दोन किलोमीटरवर, नाल्याच्या अलीकडं, एकटंच. साधं स्लॅबचं बैठं घर, पुढं व्हरांडा, लोखंडी फाटक. कूलर न्हाई, एसी न्हाई, तरी आत पाऊल टाकलं अन् अंग असं गार झालं की म्हटलं, चला, पंधरा दिवस महाबळेश्वर!

मॅडम म्हणजे डॉक्टर अरुंधती रांजणीकर. दगडांवरून पृथ्वीचा इतिहास वाचणाऱ्या, अन् त्या अभ्यासापायी अंटार्क्टिकाच्या बर्फावर तीन हिवाळे काढलेल्या. तेव्हा तिकडं बाई पाठवायची म्हटलं की साहेब लोक घसा खाकरायचे. आता वय सदुसष्ट. उजव्या हाताला अंगठा अन् करंगळी तेवढी राहिली, मधली तीन बोटं बर्फानं खाल्ली. डाव्या हातानं सहीपुरतं लिहितात. म्हणून आत्मचरित्राला माणूस पाहिजे होतं. त्या सांगणार, मी लिहिणार. आमच्या हायस्कूलचे हेडमास्तर काकासाहेब त्यांच्या ओळखीचे. ते म्हणले, अक्षर पाहिजे तर दैवशालाचंच. बावीस वर्षं क्लार्क होते मी तिथं, अख्खी शाळा माझ्या अक्षरावर चालली. खोटं कशाला बोलू.

वीस तारखेला मात्र मी निघणार, हे आल्या आल्या सांगून टाकलं. भार्गवीचे दिवस भरत आले. मागच्या खेपेला तिला कळा सुरू झाल्या तेव्हा मी बोर्डाच्या परीक्षेच्या कामात अडकलेली. चार तास उशिरा पोचले, तोवर लेकरू गेलं होतं. पोरगी एकच बोलली, आई, तू पाहिजे होतीस. या खेपेला मी तिच्या उशाशी असणार म्हणजे असणार. मॅडम म्हणल्या, बराबर आहे तुझं.

६ मे

दारापाशी टेबलावर जाडजूड रजिस्टर, पेन दोरीनं बांधलेलं. हालचाल रजिस्टर! मला हसूच आलं. नोकरी सोडली तरी हे काही माझी पाठ सोडत न्हाई. बाहेर जाताना नाव, वेळ, ‘बाहेर’ अन् सही. परत आलं की ‘आत’ अन् सही. ज्याची त्यानं, आपल्या हातानं. कोपऱ्यावर कचरा टाकायला जायचं तरी लिहायचं. साळूबाई प्रौढशिक्षणात सही शिकलेली. तिची अक्षरं उंच उंच अन् मागं रेललेली.

मॅडमनी कारण सांगितलं. हे तिकडच्या तळावरचं रजिस्टर आहे. तिकडं वारा सुटला की दहा पावलांवरचा माणूस दिसत न्हाई. रोज ठरल्या वेळी तळप्रमुख रजिस्टर वाचायचा. जो ‘बाहेर’ असेल त्याला शोधायला सगळे निघायचे, जो ‘आत’ असेल त्याची चिंता न्हाई. तिकडच्या ऑफिसानं ते रद्दीत काढलं तेव्हा मॅडमनी मागून आणलं अन् उरलेल्या कोऱ्या पानांवर घरचं सुरू केलं. आधीची पानं सुतळीनं बांधून टाकलीत.

मी म्हटलं, आमच्याकडं हे असं कडक असतं तर निम्मी शाळा गैरहजर! जालन्याहून येणाऱ्या मास्तर लोकांची गाडी चुकली की मला फोन यायचा, अन् मी त्यांच्या सह्या मारायचे. चौदा जणांच्या सह्या येतात मला. खुद्द मालकाला ओळखू येणार न्हाई. मॅडम हसल्या न्हाईत. उलट, या घरात दुसऱ्याची सही बिलकुल करायची न्हाई, हे पोराकडून वदवून घ्यावं तसं तीनदा वदवून घेतलं. आता काय म्हणावं! म्हातारपणी माणसं अशीच होतात.

७ मे

लहानपण लिहून झालं. रांजणीला विहिरी खोदताना निघालेल्या गारगोट्या फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायच्या अन् आईचा मार खायचा. कॉलेजात दगडांच्या वर्गात एकटी मुलगी. सर सहलीला नेईनात, तर ही सायकलवर त्यांच्या बसच्या मागून गेली. ऐकताना माझीच छाती फुगून राह्यली.

मला सगळ्यात आवडलं ते हे. तिकडच्या बर्फाखालचा दगड अन् आपल्या देशातला दगड एके काळी एकाच जमिनीचे होते. एका भाकरीचे दोन तुकडे. त्या तुकड्यांच्या कडा जुळवून दाखवणाऱ्यांत मॅडम पहिल्या फळीतल्या. अन् बर्फात खोल भोक पाडून उसाच्या कांडीसारखी बर्फाची कांडी काढतात म्हणे. तिच्यात वर्षाचा एक एक थर, अन् बुडबुड्यांत हजारो वर्षांपूर्वीची हवा कोंडलेली. मी विचारलं, ती हवा सुटायची कशी? म्हणल्या, कुणीतरी बर्फ फोडल्याशिवाय न्हाई.

दुपारी दारात कुणीतरी पाय आपटले, बूट झटकतात तसे. साळूबाई असेल म्हणून गेले तर कुणी न्हाई. मॅडमनी मान वरसुद्धा केली न्हाई.

९ मे, दुपार

बाहेर चव्वेचाळीस अंश अन् मी आत शाल पांघरून बसलेय. टेंभुर्णीत कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

आज साळूबाईवर माझा एक उपकार झाला. साडेबाराला ती पलीकडच्या वस्तीवर विरजण आणायला गेली. रजिस्टरात ‘बाहेर’. दोनच्या सुमाराला दारात पाय आपटल्याचा आवाज आला, मंग स्वयंपाकघरात भांडी वाजली. आली म्हटलं. पण रजिस्टर बघते तर ‘आत’ लिहायला विसरलेली. अडीचला मॅडम रजिस्टर वाचतात, अन् चूक सापडली की बोलून बोलून जीव नकोसा करतात. गरीब बाई, उन्हातून आलेली. मारली मी तिची सही. तीच उंच, मागं रेललेली अक्षरं. दोन सेकंदांचं काम. मॅडमनी अडीचला बघितलं, मान डोलावली. आता साळूबाईकडून एक पुरणपोळी वसूल करणार आहे.

९ मे, संध्याकाळ

राधेश्याम आला होता. साळूबाई घरी पोचली न्हाई म्हणून.

त्यानं रजिस्टर बघितलं. म्हणला, आई तर आत आहे. मंग तो, त्याचा भाऊ अन् वस्तीवरची दोन माणसं, सगळ्यांनी घरच शोधलं. कोठीची खोली, गच्ची, पाण्याची टाकी, पलंगाखाली. कुठं चक्कर येऊन पडली असेल म्हणून.

मी सांगायला पाहिजे होतं. एकच वाक्य होतं, ती सही माझी आहे. पण मॅडम समोर उभ्या होत्या, तीनदा वदवून घेतलेलं. अन् भांडी तर मी माझ्या कानांनी ऐकली होती. म्हटलं, सापडेल की इथंच. बोलले न्हाई.

१० मे

साळूबाई सापडली. फाटकापासून दोनशे पावलांवर, नाल्याच्या वाटेला, बाभळीखाली बसलेली. शेजारी विरजणाचा डबा. डॉक्टर म्हणले ऊन लागलं, काल चारच्या सुमाराला जीव गेला असेल.

चार. मी सही मारली दोनला. अडीचला मॅडमनी ‘बाहेर’ वाचलं असतं तर त्यांनी राधेश्यामला फोन केला असता, तो दहा मिनिटांत आला असता. दोनशे पावलं. पाणी पाजलं असतं तरी वाचली असती.

पोलिसांनी विचारलं, तेव्हाही मी म्हणले की सही आहे म्हणजे आली असेल, पुन्हा गेली असेल. राधेश्याम माझ्याकडं बघून राह्यला होता. त्याला आईची अक्षरं येतात ओळखायला? न्हाई. मी चांगली काढते ना अक्षरं. जळो मेलं ते अक्षर.

११ मे

इथं राहायचं न्हाई. बॅग भरली. रजिस्टरात ‘बाहेर’ लिहायला घेतलं तर पेन उमटेना. झटकलं, दुसरं घेतलं, पेन्सिल घेतली. कागदावर ओरखडासुद्धा न्हाई. याच पेनांनी डायरी लिहितेय, इथं बराबर उमटतं.

म्हटलं गेलं खड्ड्यात तुमचं रजिस्टर. तशीच निघाले. व्हरांडा उतरले, फाटक उघडलं, तापलेल्या लोखंडाचा चटका हाताला बसला, रस्त्यावर पाय ठेवला.

अन् पाय फरशीवर. स्वयंपाकघराच्या. बॅग हातात, समोर ओटा.

पाच वेळा गेले. मागच्या दारानं, कंपाउंडावरून चढून. हातावर चटक्याचा फोड आहे, म्हणजे मी फाटकापर्यंत जाते हे खरं. तिथून पुढं मी जात न्हाई.

रजिस्टर उचलून कंपाउंडाबाहेर फेकलं. वळले तर टेबलावर.

१२ मे

मॅडमला सगळं सांगितलं. सही माझी, खोटं बोलले, फाटकाबाहेर जाता येत न्हाई. रडत रडत सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला. बर्फाची लादी बरी. मंग सुतळी सोडून जुनं पान दाखवलं.

तिसऱ्या हिवाळ्यात तळावर सोमेश्वर नावाचा तरुण होता. हवामानाची यंत्रं बघणारा, हुशार, पण धांदरट. रजिस्टरात ‘आत’ लिहायला नेमका विसरायचा अन् प्रमुखाच्या शिव्या खायचा. एक दिवस तो बाहेर गेला, वारं सुटलं. मॅडमना दारात बर्फ झटकायला पाय आपटल्याचा आवाज आला, मंग स्वयंपाकघरात भांडी वाजली. त्या दिवशी भांड्यांची पाळी त्याची होती. आला म्हणून मॅडमनी त्याची सही केली. वसतिगृहात मैत्रिणींची हजेरी लावायच्या, तशी. प्रमुखानं वाचलं, सगळे आत. जेवायला बसले तेव्हा एक ताट रिकामं. मॅडम तशाच धावल्या, हातमोजे न घालता. तीन बोटं त्यात गेली. सोमेश्वर सापडला न्हाई. रजिस्टरात तो अजून आत आहे.

मॅडमनी कुणालाच सांगितलं न्हाई. नाव झालं, मान मिळाला, पुस्तकांत फोटो आले. अकरा वर्षांपूर्वी पुरावा आपल्याजवळ असलेला बरा म्हणून रजिस्टर घरी आणलं, अन् त्या दिवसापासून त्यांनाही फाटकाबाहेर जाता आलं न्हाई. ऊन सोसत न्हाई वगैरे सगळं सोंग. ज्यानं दुसऱ्याला खोटं आत घेतलं, त्यानं तो येईपर्यंत आतच बसायचं, असा रजिस्टराचा हिशेब दिसतो.

मी विचारलं, मंग त्या दिवशी भांडी कुणी वाजवली? म्हणल्या, सोमेश्वरनं. तो रोज वाजवतो.

वीस तारखेला आठ दिवस आहेत.

१३ मे

माठ सकाळी काठोकाठ भरला होता. बाराला बघितला, ठणठणीत कोरडा. खाली ओल न्हाई, गळका न्हाई.

साळूबाई तहानेनं गेली.

१४ मे

रात्रंदिवस विचार करून डोकं फुटायची वेळ आली, अन् आज अंघोळ करताना सुचलं. अगं बाई, मी क्लार्क आहे! खोटी नोंद झाली तर क्लार्क काय करतो? खाडाखोड करतो, खरं लिहितो, अन् खाडाखोडीवर दुसऱ्याची सही घेतो. प्रतिस्वाक्षरी. त्याशिवाय कुठलंच रजिस्टर खाडाखोड मानत न्हाई. बावीस वर्षं मी दुसरं काय केलं?

मॅडमना सांगितलं. एवढ्या शिकलेल्या, बर्फाच्या कांडीतून हजारो वर्षं वाचणाऱ्या, पण हे सुचलं न्हाई. सुचणार कसं, सही मागायची म्हणजे आधी कुणालातरी सांगायला पाहिजे. उद्या करायचं. आधी त्यांची नोंद, मंग माझी. परवा मी भार्गवीकडं!

१५ मे

झालं. अन् न्हाई झालं.

जुनं पान उघडलं. सोमेश्वरचं ‘आत’ मॅडमनी डाव्या हातानं खोडलं. वर लिहिलं, ‘आला नाही. सही माझी होती.’ खाली त्यांची सही, शेजारी माझी. पेन उमटलं! मॅडम लहान पोरीसारख्या रडल्या. स्वयंपाकघरात भांडी थांबली. घरातली थंडीही तेवढीच कमी झाली.

मंग मी साळूबाईची नोंद खोडली, खरं लिहिलं, सही केली अन् पेन त्यांच्यापुढं केलं. तर म्हणल्या, थांब, आधी जमतंय का बघते. त्यांनी ‘बाहेर’ लिहिलं. उमटलं. व्हरांडा उतरल्या. फाटकाबाहेर एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.

मी दारातून ओरडले, मॅडम, जमलं, या आता जल्दी, सही करा. त्या थांबल्या. वळल्यासारखं झालं. मंग चालायला लागल्या. स्टेशनाच्या बाजूला, डोक्यावर पदर न घेता, भर बाराच्या उन्हात.

एका सहीला किती वेळ लागतो हो मॅडम? दोन सेकंद. मी केली की न्हाई तुमच्यासाठी?

१६ मे

वाट बघितली. अकरा वर्षांनी दावं सुटलेली गाय परत दावणीला येते का? मॅडमचा फोन त्यांच्याच पलंगावर वाजून राह्यला.

राधेश्यामला फोन केला. खरं सांगितलं, पाया पडले, म्हटलं एकदा आत येऊन सही कर. त्यानं रिक्षाचं इंजिन बंद केलं. मंग म्हणला, “बाई, माझी माय उन्हात मरून राह्यली होती अन् मी तुमच्या पलंगाखाली शोधत होतो. त्या घरात मी पाय ठेवणार न्हाई.” ठेवला फोन. बराबर आहे त्याचं. साळूबाई गेल्यापासून वस्तीवरचंही कुणी इकडं फिरकत न्हाई.

काकासाहेबांनाही फोन केला, तर ते हसले. म्हणले, मॅडम गावाला गेल्या असतील, बावीसला लग्न आटोपून येतो. बावीसला!

स्वयंपाकघरात पुन्हा भांडी. सोमेश्वर तर गेला. मंग हे कोण?

१७ मे

बघितलं.

ओट्यापाशी पाठमोरी. डोक्यावर पदर, नऊवारी, टाचांना नाल्याची माती. माठात तांब्या बुडवते, पिते, बुडवते, पिते. मी दारात हात जोडून उभी राहिले. म्हटलं, साळूबाई, चुकले, माझ्या हातून तुझा जीव गेला, तूच सही कर अन् मला सोड. माझी लेक अवघडलेली आहे.

तिनं मान वळवली. ओठ भेगाळलेले. नुसतं ऐकलं.

लेकीचं कशाला बोलले मी.

१८ मे

भार्गवीचा फोन. मी म्हटलं, वीसला जमणार न्हाई, काम वाढलंय. ती म्हणली, आई, तुझा आवाज असा का येऊन राह्यला? तू वचन दिल्तं. मी येते तुला न्यायला. मी म्हटलं, येऊ नको. बिलकुल येऊ नको. जावईबापूंना पाठव, सुयशरावांना, त्यांना एकट्याला. ती म्हणली, ते कंपनीच्या कामानं नांदेडला गेलेत, परवा येतील.

एक विचार आला. भार्गवी आत आली तर तीच सही करील अन् मी सुटेन. सुटेन, अन् तिला या घरात साळूबाईपाशी— माझ्या जिभेला, मनाला, सगळ्याला आग लागो. सही सुयशराव करतील. परवापर्यंत दम काढायचा.

१९ मे

थंडी पुन्हा वाढली. दोन शाली. माठ चारदा भरला, चारदा रिकामा.

रजिस्टर कपाटात कोंडलं अन् पुढं पलंग ओढला. खोलीत आले तर टेबलावर उघडं. नवीन पान. कोरं.

कोरंच आहे. दर घटकेला बघून येते.

२० मे, साडेअकरा

फाटकाशी रिक्षा. भार्गवी. एकटी. एवढं पोट घेऊन, एका हातात फोन, दुसऱ्यात पाण्याचा थर्मास. रिक्षा तशीच वळून गेली.

खिडकीतून बोलतेय मी. म्हणतेय परत जा. ती हसून राह्यली, म्हणते दार तर उघड, पाय भरून आलेत.

आत घ्यायची न्हाई. काहीही झालं तरी या घरात घ्यायची न्हाई.

पावणेबारा

नको नको ते बोलले. म्हटलं, तुझं तोंड बघायचं न्हाई मला. म्हटलं, एक लेकरू खाल्लंस, आता मला खायला आलीस. माझ्या पोटच्या पोरीला. तिचं तोंड— थर्मास फाटकाशी ठेवला तिनं. वळली.

गेली. रडत गेली, पण गेली. रस्त्यानं न्हाई, नाल्याच्या वाटेनं. वस्तीवर रिक्षा मिळते म्हणून असेल. जाऊ दे. वाचली. या घरातून वाचली माझी—

रजिस्टर बघून येते.

बारा

उंच अक्षरं. मागं रेललेली.

भार्गवी. आत. अन् सही.

ती तर बाहेर आहे. आत्ता गेली. बाहेर आहे, नाल्याच्या वाटेला, या उन्हात, घोटभर पाण्याविना, पाणी इथं फाटकाशी—

खोडलं. उमटत न्हाई. खोडतेय, उमटत न्हाई. नोंद माझ्या हातची न्हाई, म्हणून. साळूबाई, तुला माझा जीव पाहिजे तर माझा घे ना गं. हिचा कशाला. हिनं काय

बारा दहा

धावले. स्वयंपाकघर. धावले. स्वयंपाकघर. सात वेळा. गच्चीवर चढले, हाका मारल्या, भार्गवी, परत ये, आत ये, आई चुकली, आत ये गं. वाट दिसते. बाभळी दिसतात. ती दिसत न्हाई.

राधेश्यामला फोन. उचलत न्हाई. उचल रे बाबा, नाल्याच्या वाटेला जा, बाभळीखाली बघ, पाणी ने

एकशे बारा लावला. विचारतात कुठं आहे मुलगी, शेवटची कुठं दिसली. सांगितलं. पाठवतो म्हणले. किती वेळ? पाठवतो म्हणले.

बारा तीस

भार्गवीला फोन लावलाय. रिंग जाऊन राह्यली. जाऊन राह्यली. उचल गं बाई. शिव्या दे मला, पण उचल

वाजतोय. तिचा फोन वाजतोय. मला ऐकू येऊन राह्यला. म्हणजे जवळच आहे, फाटकाशीच असेल, आली असेल परत, माझी गुणाची

फाटकाशी न्हाई.

स्वयंपाकघरात वाजून राह्य